क्रिकेट गेममध्ये ‘सिम्युलेट’ दाबलं की मॅच नेमकी कोण जिंकवतं?

टीम तुमची तगडी. रेटिंग ८८. समोरच्यांचं ८१. लीगच्या चौदा मॅच हाताने खेळायला वेळ कोणाला आहे, म्हणून तुम्ही ‘सिम्युलेट’चं बटण दाबता. दोन सेकंद चक्र फिरतं आणि स्क्रीनवर येतं, ‘तुम्ही १९ धावांनी हरलात’.

अचलपूर-परतवाड्याकडे यावर पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, “काहून हारलो बे?” दुसरी प्रतिक्रिया, “गेमच सेट आहे.”

पहिला प्रश्न बरोबर आहे. दुसऱ्या वाक्यात थोडं तथ्य आहे, पण लोकांना वाटतं त्या जागी नाही. त्या दोन सेकंदांत आत काय घडतं ते समजून घ्यायचं असेल, तर आधी मोबाईल बाजूला ठेवून शाळेच्या दप्तराकडे जाऊ.

बुक क्रिकेट हेही सिम्युलेशनच

मागच्या बाकावर बसून पुस्तकाचं पान उघडायचं आणि डावीकडच्या पानाच्या आकड्यातला शेवटचा अंक बघायचा. २, ४, ६ आले तर तेवढे रन. ० आला तर आउट. ८ चा नियम प्रत्येक शाळेत वेगळा. आपण त्याला १ रन धरू.

डावीकडचं पान नेहमी सम आकड्याचं असतं. म्हणजे शक्यता पाचच: ०, २, ४, ६, ८. आउट होण्याची शक्यता पाचात एक, म्हणजे २० टक्के. सरासरी पाचव्या बॉलला विकेट. त्याआधीच्या चार बॉलवर सरासरी सव्वातीन रन, म्हणजे एका विकेटमागे १३ रन. दहा विकेटचे झाले १३०. गणिताच्या तासाला चोरून खेळलेला हा खेळ टी-ट्वेंटीच्या स्कोअरच्या बराच जवळ जातो, हे मला भारी वाटतं.

मात्र यात एक मोठी खोट आहे. पुस्तकाला बॅट्समन कोण ते कळत नाही. ओपनर असो की अकराव्या नंबरचा बॉलर, दोघांची सरासरी १३ च. व्हिडिओ गेमने नेमकी हीच खोट भरून काढली. प्रत्येक खेळाडूला त्याचं स्वतःचं पुस्तक दिलं. कोणाच्या पुस्तकात शून्याची पानं कमी, कोणाच्या पुस्तकात सहाची जास्त. या पुस्तकांनाच आपण ‘रेटिंग’ म्हणतो.

रेटिंगमधून निकाल कसा निघतो?

ढोबळमानाने दोन पद्धती आहेत. पहिलीत दोन संघांची एकूण ताकद काढायची, त्यातल्या फरकावरून जिंकण्याची टक्केवारी ठरवायची, एक चिठ्ठी काढायची आणि निकाल जाहीर करायचा. स्कोअरकार्ड मग निकालाला शोभेल असं मागाहून भरलं जातं. दुसरी पद्धत बॉल-बाय-बॉल. प्रत्येक बॉलला बॅट्समन, बॉलर, पिच, ओव्हर नंबर, पडलेल्या विकेट हे सगळं धरून डॉट, एक, चार, सहा, आउट यांच्या शक्यतांचा तक्ता तयार होतो आणि त्यातून चिठ्ठी निघते. टी-ट्वेंटीत अशा चिठ्ठ्या जास्तीत जास्त २४०, वाइड-नोबॉल वेगळे.

‘फुटबॉल मॅनेजर’सारखे गेम दोन्ही सोयी ठेवतात. तुमच्या लीगची मॅच पूर्ण इंजिनवर चालते, आणि जगाच्या दुसऱ्या टोकाला चाललेल्या लीगचे निकाल हलक्या, झटपट हिशोबाने काढले जातात. नाहीतर तुमचा लॅपटॉप रात्रभर एकच शनिवार खेळत बसला असता.

यातून एक गोष्ट कळते. हाताने खेळलेली मॅच आणि सिम्युलेट केलेली मॅच हे बहुतेक वेळा दोन वेगळे हिशोब असतात. हाताने खेळताना तुमच्या अंगठ्याचं टायमिंग रेटिंगवर मात करतं. कमकुवत टीम घेऊनही तुम्ही ‘हार्ड’ लेव्हलला जिंकता. सिम्युलेट केलं की अंगठा हिशोबातून बाहेर जातो आणि उरते फक्त कागदावरची टीम. म्हणून प्लेइंग इलेव्हन, बॅटिंग ऑर्डर, दमलेला किंवा जखमी बॉलर या कंटाळवाण्या गोष्टी सिममध्ये जास्त वजनदार ठरतात. ज्या गेममध्ये थकवा मोजला जातो, तिथे एकच इलेव्हन चौदा मॅच ढकलली की शेवटच्या चार मॅचमध्ये रडगाणं सुरू होतं.

रेटिंग कोण ठरवतं हाही प्रश्न आहे. माणसंच ठरवतात, मागच्या आकडेवारीवरून. ज्यांची आकडेवारी कमी किंवा ज्यांच्या नावाचा परवाना नाही, तिथे अंदाज चालतो. सायबर कॅफेच्या जमान्यातला ईए स्पोर्ट्सचा ‘क्रिकेट ०७’ आठवतो? कंपनीकडे सगळ्या संघांचे परवाने नव्हते, त्यामुळे कित्येक नावं बदललेली होती, आणि खरी नावं चाहत्यांनी पॅच बनवून घातली. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलच्या गेमचं यावरून मोठं महाभारत झालं. खेळाडू ‘हौशी’ विद्यार्थी असल्याने गेममध्ये त्यांची नावं नसायची, फक्त जर्सी नंबर आणि हुबेहूब जुळणारी गुणवैशिष्ट्यं. माजी बास्केटबॉलपटू एड ओबॅनन यांनी २००९ मध्ये कोर्टात धाव घेतली. २०१३ च्या आवृत्तीनंतर ती मालिकाच बंद पडली. २०२१ मध्ये विद्यार्थी खेळाडूंना आपल्या नावावर कमाई करायची मुभा मिळाली, आणि जुलै २०२४ मध्ये ‘कॉलेज फुटबॉल २५’ खऱ्या नावांसह परत आला.

आपल्याकडे पुण्याच्या नॉटिलस मोबाईलच्या ‘रिअल क्रिकेट’ने मोबाईलवर मोठा प्रेक्षक मिळवला. २०२५ मध्ये कंपनीची सूत्रं बीजीएमआयवाल्या क्राफ्टनकडे गेली. म्हणजे आपल्या खेळाडूंना आकडे देणं हा आता चांगलाच मोठा धंदा आहे.

८८ विरुद्ध ८१, तरी हार का?

इथे थोडं गणित करू. समजा तुमची टीम बॉलमागे सरासरी १.४ रन काढते आणि समोरची १.३. १२० बॉलमध्ये फरक पडला १२ रनांचा. ऐकायला दणदणीत वाटतो. पण एका बॉलवर शून्यही येतो आणि सहाही, त्यामुळे वीस ओव्हरचा स्कोअर सरासरीच्या वर-खाली सहज १८ रन हलतो. दोन्ही टीमचं हे हेलकावणं एकत्र धरलं तर फरक साधारण २५ रनांनी इकडे-तिकडे होतो. हिशोब पूर्ण केला तर तुमची टीम शंभरातल्या साधारण ६८ मॅच जिंकते. विकेटचा हिशोब बाजूला ठेवून केलेलं हे सोपं गणित आहे, पण मुद्दा टिकतो: सरस टीम जवळपास दर तिसरी मॅच हरते, आणि गेममध्ये काही बिघडलेलं नसतं.

आता तीच टीम पाच ओव्हरची मॅच खेळू द्या. जिंकण्याची शक्यता ५९ टक्क्यांवर घसरते. पन्नास ओव्हर दिल्या तर ७७ वर जाते. चिठ्ठ्या जितक्या जास्त, तितकी नशिबाची चाल कमी. त्यामुळे तुमची टीम तगडी असेल तर सिममध्ये लांब फॉरमॅट निवडा. टीम लिंबूटिंबू असेल तर पाच ओव्हर बऱ्या.

खरं क्रिकेटही याच हेलकाव्यांवर चालतं. अमरावतीचा जितेश शर्मा आठवा. २७ मे २०२५, लखनौ. बंगळुरूसमोर २२८ चं टार्गेट आणि जितेशच्या ३३ बॉलमध्ये नाबाद ८५. मॅच आठ बॉल राखून जिंकली. त्याआधी आयपीएलमध्ये त्याच्या नावावर एकही अर्धशतक नव्हतं. कोणत्याही प्रामाणिक सिम्युलेशनने त्या दिवशी सकाळी अशा खेळीला अगदी बारीक शक्यता दिली असती. बारीक म्हणजे शून्य नव्हे, एवढंच.

रेटिंग मागे बघतं, ही दुसरी अडचण. २०१७-१८ च्या आधी विदर्भ कधीच रणजी फायनलला पोचला नव्हता. जुन्या आकड्यांवर तो सीझन सिम्युलेट केला असता तर कप बहुतेक वेळा दुसऱ्याच कोणाकडे गेला असता. प्रत्यक्षात सेमीफायनलमध्ये कर्नाटकाला विदर्भाने हरवलं ते अवघ्या ५ रनांनी, रजनीश गुरबानीच्या १२ विकेटच्या जोरावर. फायनलमध्ये दिल्लीविरुद्ध त्याने हॅटट्रिक घेतली आणि कप नागपूरला आला. पाठोपाठ २०१८-१९ आणि २०२४-२५ चेही आले. पहिल्या वेळी पाच रन इकडचे तिकडे झाले असते तर आपण आज वेगळीच गोष्ट सांगत असतो.

मग ‘सेट’ कुठे असतं?

कॉम्प्युटरला खरी चिठ्ठी काढता येत नाही. तो एका सुरुवातीच्या आकड्यावर सूत्र चालवून पुढचे आकडे तयार करतो. ते यादृच्छिक दिसतात, पण सुरुवात तीच दिली तर रांगही तीच येते. हा सुरुवातीचा आकडा बऱ्याचदा घड्याळातून घेतला जातो. काही गेम तो सेव्ह फाईलमध्येच साठवतात. मग तुम्ही हरल्यावर दहा वेळा रीलोड केलंत तरी तीच विकेट त्याच बॉलला पडते, आणि ‘सेट आहे’ या संशयाला पुरावा सापडल्यासारखं वाटतं. मॅचआधी बॅटिंग ऑर्डर बदलून बघा, निकाल अनेकदा हलतो.

काही गेम खरोखर लबाडी करतात, पण ती बहुतेकदा खेळणाऱ्याच्या बाजूने असते. ‘सिव्हिलायझेशन’चे निर्माते सिड मायर यांनी २०१० च्या एका भाषणात सांगितलं होतं की तीनास एक अशी आघाडी असताना हरलो तर ते खेळाडूंना पटतच नाही. गणिताने चारातून एकदा हरायलाच हवं, तरी लोक तक्रार करतात. ‘एक्सकॉम २’ मध्ये सोप्या लेव्हलला तुमची नेम लागण्याची शक्यता स्क्रीनवर दिसते त्यापेक्षा गुपचूप वाढवलेली असते. आपल्या मेंदूला ७५ टक्के म्हणजे ‘नक्की’ असं ऐकू येतं, म्हणून गेम आपली समजूत घालतो.

उलट दिशेचा आरोपही झाला. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियात ईएवर खटला भरला गेला, की गेम मुद्दाम अवघड करून लोकांना पैसे खर्चायला लावलं जातं. असं तंत्र आपण त्या गेममध्ये वापरत नाही असं कंपनीने सांगितलं, तांत्रिक माहिती दाखवली, आणि २०२१ मध्ये फिर्यादींनी खटला मागे घेतला.

‘गेमने आधीच सांगितलं होतं’ वाल्या रील्स

ईएच्या फिफा गेमने फुटबॉल वर्ल्ड कपचा विजेता सलग चार वेळा बरोबर सांगितला: २०१० स्पेन, २०१४ जर्मनी, २०१८ फ्रान्स, २०२२ अर्जेंटिना. रील्समध्ये हे अर्धंच दाखवलं जातं. २०१८ च्या सिममध्ये फ्रान्सने फायनलला जर्मनीला हरवलं होतं. प्रत्यक्षात जर्मनी पहिल्या फेरीतच घरी गेला. २०२२ च्या सिममध्ये फायनल अर्जेंटिना-ब्राझील होती; ब्राझील क्वार्टर फायनलला बाहेर पडला. विजेता दरवेळी मोजक्या दावेदारांतून निवडायचा होता, आणि चारही संघ त्या मोजक्यांतलेच होते. एका सिमचा निकाल म्हणजे एक चिठ्ठी. तोच सामना हजार वेळा चालवून टक्केवारी सांगितली तर तिला अर्थ असतो, पण ‘६८ टक्के’वर रील चालत नाही.

हा गोंधळ पैशापर्यंत जातो तेव्हा प्रकरण गंभीर होतं. ‘व्हर्च्युअल क्रिकेट’च्या नावाने दर काही मिनिटांना कॉम्प्युटरने बनवलेली मॅच दाखवून बेट घेणारी ॲप्स आहेत. तिथे फॉर्म, पिच, अभ्यास यांचा काही उपयोग नसतो. चिठ्ठी काढणाराच भावही ठरवतो. समजा दोन्ही टीमची शक्यता ५०-५० आहे आणि जिंकल्यावर १०० चे १९० मिळतात. मग प्रत्येक १०० रुपयांच्या बेटमागे सरासरी ५ रुपये जातात. शंभर बेट म्हणजे सरासरी ५०० रुपयांचा खड्डा, आणि हे गेम प्रामाणिक असेल तर. ‘पुढच्या मॅचचा पॅटर्न सापडला’ म्हणून टेलिग्रामवर टिप्स विकणारे याच गणितावर जगतात. वीस जणांना एक टीम आणि वीस जणांना दुसरी सांगितली की वीस जण खूश होतातच.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि १ कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. मात्र जाहिरात करणाऱ्याला आहे, २ वर्षांपर्यंत तुरुंगवास आणि ५० लाखांपर्यंत दंड. ‘लिंक बायोमध्ये आहे’ म्हणत अशा ॲपचं प्रमोशन घेणारा पाच हजार फॉलोअर्सचा गावातला पोरगाही त्यात येऊ शकतो.