लोहाऱ्याचे खनिज, वरोऱ्याचा कोळसा

भारतातील पोलादाचा इतिहास म्हटला की आपल्याला जमशेदपूर आठवते. जमशेदपूरच्या इतिहासाची सुरुवात मात्र आपल्या चांदा जिल्ह्यात झाली, हे विदर्भातही फारसे कुणाला ठाऊक नसते. ती सुरुवात का फसली, हे समजून घ्यायचे तर थोडे रसायनशास्त्र लागते. ते अवघड नाही.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे 1982 पर्यंत एकच जिल्हा होते. लोहारा, लोहारडोंगरी, देऊळगाव, सुरजागड या परिसरांत लोहखनिज आहे. काही गावांची नावेच ते सांगतात. येथील लोहार मातीच्या लहान भट्टीत खनिज आणि लाकडी कोळसा घालून, भाता चालवून लोखंड काढीत. त्या भट्टीत नेमके काय घडत असे?

हेमॅटाइट या शुद्ध खनिजात वजनाने सुमारे 70 टक्के लोखंड असते, उरलेला ऑक्सिजन. लोखंडाचा प्रत्येक अणू तीन इलेक्ट्रॉन देतो आणि ऑक्सिजनचा प्रत्येक अणू दोन घेतो. म्हणून दोनास तीन असा हिशेब जुळतो. देणारा धनभारित होतो, घेणारा ऋणभारित, आणि दोघे एकमेकांना धरून ठेवतात. हा आयनिक बंध. तो तोडायचा तर ऑक्सिजनला दुसरा जोडीदार द्यावा लागतो. तो जोडीदार म्हणजे कोळशातला कार्बन. कार्बन आणि ऑक्सिजन यांच्यात देणेघेणे नसते. ते इलेक्ट्रॉनच्या जोड्या सामाईक ठेवतात. हा सहसंयुज बंध. भट्टी पुरेशी तापली की कार्बनची ऑक्सिजनवरील पकड लोखंडापेक्षा घट्ट ठरते आणि ऑक्सिजन वायुरूपाने निघून जातो. मागे राहिलेल्या लोखंडाच्या अणूंत तिसऱ्याच प्रकारचा बंध असतो. त्यांचे बाहेरचे इलेक्ट्रॉन कुणा एकाचे न राहता सगळ्यांत फिरत राहतात. या धातुबंधामुळेच लोखंड घणाखाली फुटत नाही, पसरते. खनिजाचा खडा मात्र त्याच घणाने चुरा होतो.

सामाईक इलेक्ट्रॉनजोडीची कल्पना अमेरिकन शास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांनी 1916 मध्ये मांडली. आपल्या लोहारांना ती ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण कोळसा किती, वारा किती, हे त्यांचे हात जाणत होते. पुढे जंगले राखीव झाली, कोळशासाठी लाकूड मिळणे कठीण झाले, विलायती लोखंड स्वस्तात बाजारात आले, आणि देशभरातील अशा भट्ट्या विझत गेल्या.

1882 मध्ये रिटर फॉन श्वार्ट्झ या युरोपीय तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा अहवाल प्रसिद्ध झाला. लोहाऱ्याचे खनिज उत्तम आणि वरोऱ्याची कोळसा खाण जवळच, हे वाचून जमशेटजी टाटांचे लक्ष इकडे वेधले गेले. नागपुरात त्यांची एम्प्रेस मिल 1877 पासून चालू होती. पण वरोऱ्याचा कोळसा कसाला उतरला नाही, आणि खाणपट्ट्याच्या सरकारी अटीही जाचक होत्या.

कोळसा का उतरला नाही? मोठ्या झोतभट्टीत कोळसा नुसता जळून चालत नाही. वरच्या खनिजाचा भारही त्याने पेलावा लागतो. त्यासाठी हवेविना तापवल्यावर आधी मऊ होऊन मग कडक, सच्छिद्र ढेकूळ बनणारा कोळसा लागतो. ते ढेकूळ म्हणजे कोक. त्यात कार्बनचे अणू आपसांत घट्ट जाळे विणतात. वर्धा खोऱ्यातल्या कोळशाला ते साधत नाही. त्याचा भुगा होतो. ऑक्सिजन खेचून घेण्याचे काम त्यालाही येते, भार पेलण्याचे येत नाही.

1899 मध्ये खाणींचे नियम सैल झाले. पुढे दोराबजी टाटा आणि अमेरिकन भूशास्त्रज्ञ सी. एम. वेल्ड चांद्याच्या रानात आले. खनिज चांगले, पण मोठ्या कारखान्याला पुरणारे नाही, असे वेल्ड यांचे मत पडले. हे सांगायला दोराबजी नागपूरला गेले असता तेथील संग्रहालयातील भूशास्त्रीय नकाशात त्यांना दुर्ग भागातील लोखंड दिसले. 1904 मध्ये प्रमथनाथ बोस यांच्या पत्राने मयूरभंजचे डोंगर कळले. जमशेटजी मे 1904 मध्ये वारले. साकची येथे, म्हणजे आजच्या जमशेदपूरला, 1912 मध्ये पोलाद निघाले.

चांद्याचे लोखंड मात्र संपले नव्हते. ज्या कोळशाने टाटांना परत पाठवले, तसाच कोक न होणारा कोळसा स्पंज आयर्नच्या फिरत्या भट्टीला चालतो, कारण तेथे खनिज वितळवावे लागत नाही आणि कोळशावर भारही पडत नाही. चंद्रपूर जिल्ह्यात घुग्घुसला असा कारखाना आहे. एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडची खाण 2016 मध्ये सुरू झाली, बंद पडली आणि 2021 पासून पुन्हा चालू झाली. त्या डोंगरावर माडिया गोंडांचा ठाकूरदेव आहे. दर जानेवारीत तेथे यात्रा भरते. तेथील अनेक ग्रामसभांनी खाणीला विरोध केला आहे. रोजगाराकडे आशेने पाहणारे तरुणही त्याच भागात आहेत.

मला वाटते, 1882 चा प्रश्न रसायनाचा होता आणि तो सुटला. आजचा प्रश्न कोळशाने सुटणारा नाही. त्या अहवालांत खनिजाची टक्केवारी मोजली होती. डोंगराखाली राहणाऱ्यांचे मत कुणी विचारले नव्हते. आता वनहक्क कायद्याने आणि पेसा कायद्याने ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार दिला आहे. तिचे म्हणणे खरोखर ऐकले जाते का, हे आपण सर्वांनी पाहायला हवे.