त्वचेसाठी ऑलिव्ह तेल : लाभ आणि मर्यादा

ऑलिव्ह तेलात ओलेइक आम्लाचे प्रमाण ५५ ते ८३ टक्के असते. 'ई' जीवनसत्त्व व स्क्वालीन हे घटकही त्यात आढळतात. स्नानानंतर ओलसर त्वचेवर त्याचा पातळ थर दिल्यास आर्द्रता टिकते व कोरडेपणा कमी जाणवतो. मात्र हेच ओलेइक आम्ल त्वचेच्या बाह्य थरातील स्निग्ध घटकांची रचना विस्कळीत करू शकते. ब्रिटनमधील शेफील्ड विद्यापीठाच्या संशोधकांचा यासंबंधीचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रौढांच्या हातावर चार आठवडे ऑलिव्ह तेल लावल्यानंतर त्वचेचे संरक्षक आवरण दुर्बल झाल्याचे व सौम्य लाली आल्याचे त्यात आढळले. सूर्यफूल तेलाने तसे झाले नाही. त्यामुळे नवजात बालकांच्या मालिशसाठी, तसेच इसबाचा त्रास असणाऱ्यांनी हे तेल वापरण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.