शर्यत त्यांची, रस्ता आपला

ऑगस्ट २०१७ मध्ये आमच्या तळोज्याचे नाव जगभर झाले. कारण काय, तर एमआयडीसीत निळी कुत्री फिरत होती. एका कारखान्याचे रंगीत सांडपाणी कासाडी नदीत जात होते आणि भटकी कुत्री त्यात उतरत होती. फोटो परदेशी माध्यमांत झळकले, प्रदूषण नियंत्रण मंडळाने कारखाना बंद करायला लावला. चांगलेच झाले. पण जगाच्या लक्षात राहिली ती कुत्री. त्याच नदीकाठी राहणारी, त्याच पट्ट्यात कंत्राटावर राबणारी माणसे कुणाच्या लक्षात राहिली?

जगभर फिरणारा कॅमेरा आपल्याकडे कसा बघतो, हे समजून घ्यायला एक करमणुकीचा कार्यक्रम उपयोगी पडतो. 'द अमेझिंग रेस' ही अमेरिकन स्पर्धा ५ सप्टेंबर २००१ रोजी सीबीएस वाहिनीवर सुरू झाली. दोघादोघांच्या जोड्या देशोदेशी धावतात, प्रत्येक ठिकाणी तिथले एखादे काम करून दाखवतात. जिंकणाऱ्या जोडीला दहा लाख डॉलर. भारतात ही शर्यत अनेकदा आली. २००४ च्या पाचव्या पर्वात कोलकात्यात स्पर्धकांनी हाताने विटा पाडल्या. २००७ साली सुरू झालेल्या बाराव्या पर्वात मुंबईत सिनेमाची पोस्टरे चिकटवली किंवा लग्नाचे हार ओवले, आणि तीनचाकी सायकलवरून गॅस सिलिंडर पोचवले.

विटेचेच उदाहरण घेऊ. स्पर्धकासाठी ती थोड्या वेळाची कसरत. हात मळले, हसू आले, पुढचे विमान पकडले. आपल्या रायगड जिल्ह्यात कातकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या वीटभट्टीवर जातात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो तेव्हा मालकाकडून उचल घ्यायची आणि दिवाळीनंतर लेकराबाळांसह भट्टीवर ती फेडत बसायचे. उचल फिटत नाही, पोरांची शाळा सुटते. कॅमेऱ्याला वीट दिसते. उचल दिसत नाही आणि जात तर नाहीच नाही. 'पारंपरिक काम' एवढा एक शब्द वापरला की जातीने लादलेली मजुरी संस्कृती होऊन जाते.

आता दुसरी बाजू पाहा. याच कार्यक्रमाने स्पर्धकांच्या ओळखी मात्र आवर्जून दाखवल्या. २००३ साली चौथे पर्व जिंकलेल्या दोन पुरुषांची ओळख पडद्यावर 'विवाहित' अशी दिली गेली. तेव्हा अमेरिकेत समलिंगी विवाहाला देशपातळीवर मान्यता नव्हती. नोव्हेंबर २०२० मध्ये सीबीएसने जाहीर केले की आपल्या रिअॅलिटी कार्यक्रमांत किमान ५० टक्के सहभागी कृष्णवर्णीय, मूलनिवासी व इतर गौरेतर समूहांतले असतील. हे तिथल्या लोकांनी लढून मिळवले आहे आणि आम्ही त्याचे स्वागतच करतो. पण हा वाटा धावणाऱ्यांचा होता. रस्त्याच्या कडेला वीट पाडणाऱ्याला नाव नाही, आडनाव नाही, मत नाही.

ही नजर टीव्हीबरोबर जन्मलेली नाही. १८८६ साली लंडनमध्ये वसाहतींचे भव्य प्रदर्शन भरले. तिथे भारतीय कारागीर प्रेक्षकांसमोर बसून विणकाम, कोरीवकाम करत होते. ते वंशपरंपरागत कारागीर म्हणून दाखवले गेले. प्रत्यक्षात त्यातले बहुतेक आग्रा तुरुंगातून आणलेले होते आणि अनेकांनी ते काम तुरुंगातच शिकले होते. कैद्याची मजुरी 'परंपरा' म्हणून विकली गेली. तुरुंग असलेल्या तळोज्यातल्या आपल्यासारख्यांनी ही गोष्ट विसरू नये.

पुढे १९२० साली एन्थोव्हेन यांच्या मुंबई इलाख्यातील जाती-जमातींवरील ग्रंथाचा पहिला खंड आला. त्यात आपण वर्णनाचा विषय होतो. त्याच वर्षी ३१ जानेवारीला बाबासाहेबांनी 'मूकनायक' काढला. तिथे आपण बोलणारे झालो. एकाच वर्षातल्या या दोन छापील गोष्टींमधले अंतर म्हणजेच आपल्या चळवळीचा इतिहास.

त्याच्या एक वर्ष आधी, जानेवारी १९१९ मध्ये, साउथबरो समितीपुढे साक्ष देताना बाबासाहेबांनी प्रतिनिधित्वाची कसोटी सांगून ठेवली होती. आपली मते दुसऱ्या कुणी मांडणे पुरेसे नाही, आपली माणसे स्वतः तिथे बसली पाहिजेत, अशी त्यांची मांडणी होती. ही कसोटी कायदेमंडळाला लागू होते, तशी पडद्यालाही लागू होते.

काही तरुण मित्र म्हणतात, निदान दिसतो तरी आहोत ना! आमचे उत्तर असे की दिसायला आपण १८८६ सालीही दिसत होतो. प्रश्न आहे तो चौकट कोण ठरवतो, निवेदन कोण लिहितो, पैसा कुणाकडे जातो याचा. उद्या कुणी व्लॉगर वस्तीत आला, तर हे तीन प्रश्न त्याला विचारा. आणि मोबाइल आपल्याही हातात आहे. कासाडीच्या काठची, भट्टीवरची, कंत्राटी कामगारांच्या चाळीतली माणसे त्यांच्या नावानिशी, त्यांच्या परवानगीने, त्यांच्याच तोंडून नोंदवा. मजुरी किती, उचल किती, शाळा का सुटली, हे तारखेसकट लिहून ठेवा. 'मूकनायक' काढताना बाबासाहेबांकडे साधने याहून कितीतरी कमी होती.

जय भीम!