काचपट्टीचे वाचन आणि पुनर्वाचन

वाचन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर छापील संहिता येते. वैद्यकाच्या इतिहासात मात्र वाचनाचा असाही एक प्रकार आहे, की जिथे वाचकाच्या चुकीची किंमत त्याने कधीही न पाहिलेल्या स्त्रीला मोजावी लागते. गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी पॅप चाचणी हा तो प्रकार.

जॉर्ज पापानिकोलाउ आणि हर्बर्ट ट्राउट यांचा या चाचणीवरील ग्रंथ अमेरिकेत १९४३ साली प्रसिद्ध झाला. त्यातील पेशींची चित्रे हाशिमे मुरायामा या चित्रकाराने काढली होती. ग्रंथाला चित्रकाराची गरज भासावी यातच या विद्येचे स्वरूप दिसते. केंद्रकाचा आकार, त्याची गडद छटा, कडांचा वेडेवाकडेपणा ओळखायला नजर तयार व्हावी लागते. पापानिकोलाउंनी निष्कर्षांचे पाच वर्ग कल्पिले होते. पुढे निरनिराळ्या प्रयोगशाळा त्याच आकड्यांतून निरनिराळे अर्थ सांगू लागल्या.

एका काचपट्टीवर पन्नास हजार ते तीन लाख पेशी असतात आणि त्यांतल्या संशयास्पद पेशी कधी कधी बोटांवर मोजण्याइतक्याच. १९८७ साली 'वॉल स्ट्रीट जर्नल'मध्ये वॉल्ट बॉग्डॅनिच यांनी या वाचनाची दुसरी बाजू उघड केली. काही प्रयोगशाळांत तंत्रज्ञांना नगावर मजुरी मिळे. जितक्या काचपट्ट्या, तितके पैसे. थकलेली नजर कर्करोगाची चाहूल ओलांडून पुढे जाई आणि स्त्रीच्या हाती 'निर्दोष' असा अहवाल पडे. या लेखनाला १९८८चे पुलित्झर पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने प्रयोगशाळांविषयीचा कायदा कडक केला. त्याखालील नियमांनुसार एका तंत्रज्ञाने चोवीस तासांत १००हून अधिक काचपट्ट्या पाहायच्या नाहीत. निर्दोष ठरलेल्यांपैकी किमान १० टक्के पुन्हा पाहायच्या. आणि एखाद्या स्त्रीच्या नमुन्यात गंभीर विकृती आढळली, तर तिच्या मागील पाच वर्षांतील निर्दोष ठरलेल्या उपलब्ध काचपट्ट्याही काढून तपासायच्या. जाणकार वाचकही चुकतो, हे येथे कायद्याने गृहीत धरले.

१९८८च्याच डिसेंबरात बेथेस्डा येथे तज्ज्ञांनी जुने आकडे बाजूला ठेवून नवी परिभाषा आखली. नमुना वाचण्याजोगा आहे की नाही, हेही अहवालात लिहायचे ठरले. 'अर्थ अनिश्चित असलेल्या असामान्य पेशी' असा एक वर्गही तीत होता. संशयाला असे अधिकृत नाव मिळाले, तरी मतभेद मिटले नाहीत. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात या वर्गातील काचपट्ट्या दुसऱ्या तज्ज्ञांना दाखवल्या, तेव्हा त्यांपैकी ४३ टक्क्यांबाबतच त्यांनी तोच निष्कर्ष काढला.

म्हणूनच पुनर्वाचन हवे. पण त्याचा निष्कर्ष कोणाच्या मालकीचा? हा प्रश्न आयर्लंडमध्ये विकी फेलन यांनी ऐरणीवर आणला. त्यांचा २०११चा नमुना अमेरिकेतील एका प्रयोगशाळेने निर्दोष ठरवला होता. २०१४ साली कर्करोगाचे निदान झाले, जुनी काचपट्टी पुन्हा तपासली गेली, पहिले वाचन चुकल्याचे दिसले. त्यांना मात्र हे २०१७ साली कळले. २०१८ साली न्यायालयात तडजोड करताना त्यांनी मौनाची अट नाकारली. मग अशा दोनशेहून अधिक स्त्रियांचे जुने निष्कर्ष बदलल्याचे आणि त्यांतील बहुतेकींना ते कळवले न गेल्याचे उघड झाले. २०२२ साली फेलन यांचे निधन झाले.

रोग ठाऊक झाल्यावर जुनी काचपट्टी पाहणाऱ्याला तो सहज दिसतो, हे खरे; म्हणून प्रत्येक फरकाला निष्काळजीपणा म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण हा युक्तिवाद त्या स्त्रीसमोर मांडायचा असतो, तिच्यापासून पुनर्वाचन लपवण्यासाठी वापरायचा नसतो. साहित्यात दुसरे वाचन पहिल्याला समृद्ध करते. येथे ते कोणाचे तरी आयुष्य वाचवू शकते. त्यासाठी ते वेळेवर व्हावे लागते आणि जिची ती काचपट्टी, तिच्यापर्यंत पोहोचावे लागते.