वादकांचें गांव

गायकाची कीर्ति गीताबरोबर चहूंकडे पसरते. साथ करणाऱ्या वादकाचें नांव मात्र बहुधा गांवच्या शिवेपाशींच थांबतें. या नियमाला अपवाद ठरलेलें एक विनोदी गीत अमेरिकेंत १९६६ सालीं निघालें. न्यूयॉर्क येथील ‘लव्हिन स्पूनफुल’ या तरुण वाद्यवृंदांतील जॉन सेबॅस्टियन यानें तें रचलें. गीताचें नांव ‘नॅशव्हिल कॅट्स’. ‘कॅट’ म्हणजे तेथील वादकांच्या बोलींत कसबी गडी. पुढील वर्षाच्या आरंभीं तें अमेरिकेंतील लोकप्रिय गीतांत आठव्या क्रमांकापर्यंत चढलें.

टेनेसी राज्यांतील नॅशव्हिल हें ‘कंट्री’ म्हणजे खेडवळ संगीताचें माहेरघर. तेथील नभोवाणीनें १९२५ सालीं खेड्यापाड्यांतील फिडल व बॅन्जो वाजविणाऱ्यांना ध्वनिक्षेपकासमोर बसविलें. तोच कार्यक्रम पुढें ‘ग्रँड ओल ऑप्री’ या नांवानें प्रसिद्धीस आला. त्याच्या आश्रयानें वादक आले, वादकांमागोमाग ध्वनिमुद्रणशाळा आल्या, आणि स्वरलिपीऐवजीं कागदावर चार आकडे मांडून नवें गाणें घटकेंत बसविणारा साथीदारांचा एक वर्गच तेथें तयार झाला. बॉब डिलनसारख्या कवि-गायकानें १९६६ सालीं आपल्या ‘ब्लॉन्ड ऑन ब्लॉन्ड’ या संग्रहाचें बहुतेक मुद्रण याच शहरीं, चार्ली मकॉय आदि स्थानिक वादकांना घेऊन केलें.

सेबॅस्टियन नॅशव्हिल येथें उतरला असतां हॉटेलच्या मद्यगृहांत एका अपरिचित तरुणाचें गिटार त्याच्या कानीं पडलें व तो थक्क झाला. त्या आश्चर्यांतून हें गीत जन्मलें. त्यांत शहरांतील गिटारवाल्यांची संख्या तो १३५२ अशी सांगतो. जणूं कांहीं खानेसुमारीच केली आहे! पिवळ्या चकतीच्या ‘सन’ कंपनीच्या तबकड्याही तो नॅशव्हिलच्या खातीं जमा करतो. वास्तविक ती कंपनी तीनशेंहून अधिक किलोमीटर दूरच्या मेम्फिस शहरांतली! परंतु स्तुति करणाऱ्याच्या भूगोलाकडे कोण पाहतो? १९६७ सालीं लेस्टर फ्लॅट व अर्ल स्क्रग्ज या कंट्री संगीतांतील नामवंत जोडीनें तें गीत स्वतः गायिलें. ज्यांची थट्टामिश्रित स्तुति झाली, त्यांनींच ती आपलीशी केली.

मराठवाड्यांत असें वादकांचें गांव शोधावयाचें, तर नांदेडहून लातूरला जाणाऱ्या रस्त्यावरील माळेगांवचें नांव प्रथम घ्यावें लागेल. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीपासून तेथें खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवें यांच्या बाजाराइतकीच ती तमाशाच्या फडांसाठीं प्रसिद्ध आहे. इकडे वाघ्या-मुरळीचें तुणतुणें व दिमडी, तिकडे फडांतील ढोलकी, हलगी आणि झांज! याच नांदेड जिल्ह्यांत माहूरच्या रेणुकेचे गोंधळी संबळावर रात्र जागवितात. ही विद्या बहुधा शाळेंत शिकलेली नसते. बापाच्या मांडीशीं बसून मुलगा ती उचलतो. नर्तकीचें पाऊल पडण्याआधींच तें ओळखून थाप देणारा ढोलकीवाला कोणत्याही शहराला भूषण व्हावा असाच असतो.

महाराष्ट्रांतील शहरांनीं या कलेला मुजरा केला नाहीं असें नाहीं. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा १९५९ सालचा चित्रपट पुण्यांत शंभराहून अधिक आठवडे चालला. १९६५ सालीं वसंत सबनीस यांचें ‘विच्छा माझी पुरी करा’ हें लोकनाट्य दादा कोंडके यांनीं रंगभूमीवर आणलें, आणि सुशिक्षित घरांतील मंडळी बतावणीला मोकळेपणीं हसूं लागली. परंतु नांव झालें तें लेखकाचें, नटाचें आणि पार्श्वगायिकेचें. ढोलकीवर कोण होता, ही पृच्छा क्वचितच झाली.

नॅशव्हिलच्या वादकाला तीन तासांच्या बैठकीचा ठरलेला मेहनताना मिळे, आणि विनोदानें का होईना, त्याच्या जातीची मोजदाद तरी एका गीतानें केली. पुढें अभ्यासकांनीं जुन्या कागदपत्रांवरून कोणत्या तबकडीवर कोणीं वाजविलें याच्या याद्या तयार केल्या. माळेगांवची यात्रा उठली कीं फड पुढच्या गांवाला निघतो, आणि रात्रभर हजारों माणसांना डोलविणाऱ्या हातांची नोंद मागें राहत नाहीं. त्यांच्यावर गीत रचणारा कवि केव्हां भेटेल तेव्हां भेटो. लावणी मुद्रित करणाऱ्यानें गायिकेच्या नांवाखालीं ढोलकीवाल्याचें नांव लिहावें, एवढें तर आजच करतां येण्याजोगें आहे.