वळवणचे पाणी, परळची जमीन

गिरणगावाच्या पुनर्विकासाची कथा बहुधा १९८२ च्या संपापासून सांगितली जाते. तिची पूर्वपीठिका मात्र मावळात आहे. १९११ मध्ये लोणावळ्यात टाटांच्या जलविद्युत् योजनेची कोनशिला बसली. वळवणसारख्या तलावांचे पाणी घाटाखाली खोपोलीस उतरवून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. शेजारच्या मुळशी पेट्यात १९२१ साली धरणाविरुद्ध सत्याग्रह झाला. भूसंपादन कायद्यापुढे प्रश्न भरपाईचा होता. शेतकऱ्यांपुढे तो गावाचा होता.

हीच विसंगती पुढे परळ-लालबागेत अवतरली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी मालक, महापालिका व म्हाडा यांच्यात ठरविली. २००१ च्या दुरुस्तीने ती मोकळ्या जमिनीपुरतीच उरली आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती ग्राह्य मानली. हिशेब क्षेत्रफळाचा झाला. चाळीतील शेजार, खाणावळ, पाळीनुसार चालणारा दिवस यांना त्यात रकाना नव्हता.

जयंत पवारांच्या ‘अधांतर’ (१९९७) या नाटकातील संपोत्तर कुटुंबाची वाताहत म्हणूनच केवळ नागर शोकांतिका ठरत नाही. ज्या विकासाने आधी खोरे बुडविले, त्यानेच नंतर चाळ रिकामी केली. गिरणगावाच्या साहित्याची समीक्षा घाटमाथ्यापर्यंत पोचत नाही, तोवर ती या इतिहासाचा उत्तरार्धच वाचत राहील.