माळ्यावरचे कागद आणि सदाशिव पेठेतले मंडळ

‘स्मरणिकेसाठी काहीतरी ऐतिहासिक लिहून द्या’ असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा प्रथम शनिवारवाडा आणि पर्वती डोळ्यांसमोर आली. परंतु त्या दोन्हींवर आपल्यापैकी प्रत्येकीने शाळेत निबंध लिहिलेला आहे. म्हणून मी ज्या संस्थेत दोन पावसाळे शिकायला जात होते, त्या भारत इतिहास संशोधक मंडळाविषयीच लिहिते. आपलेही मंडळ आणि तेही मंडळ, एवढे नाते पुरे आहे.

या मंडळाची स्थापना ७ जुलै १९१० रोजी झाली. त्या दिवशी आषाढ शुद्ध प्रतिपदा होती, शके १८३२. संस्थापक दोघे: इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे आणि सरदार घराण्यातले खंडेराव चिंतामण मेहेंदळे. राजवाड्यांची पत्नी लवकर वारली. त्यांनी पुन्हा लग्न केले नाही आणि पुढचे सारे आयुष्य गावोगाव हिंडून जुने कागद गोळा करण्यात घालवले. वाईला सापडलेल्या कागदांवरून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. त्यात १७५० पासून पानिपतापर्यंतची पत्रे आहेत. पुढे या मालेचे बावीस खंड झाले. इंग्रजीत लिहिले असते तर बाहेर नाव झाले असते, पण त्यांनी लिहिले ते मराठीतच. स्वभाव मात्र अवघड. पुण्याच्या मंडळींशी त्यांचे पटेना, तेव्हा ते धुळ्याला गेले आणि १९२६ च्या अखेरीस तिथेच वारले. संस्था काढावी एकाने आणि चिकाटीने चालवावी दुसऱ्यांनी, हे आपल्याला काही नवे नाही! दत्तो वामन पोतदार, फारशी कागद वाचणारे ग. ह. खरे अशा माणसांनी ती पुढे कित्येक वर्षे सांभाळली.

आज तिथे लाखो कागद आहेत, हजारो पोथ्या आहेत, नाणी आणि चित्रे आहेत. व्याख्याने होतात, त्रैमासिक निघते, आणि मोडी लिपीचे वर्ग भरतात. मी गेले ती या वर्गासाठी.

मोडी हे नाव काढले की पुष्कळ जणी घाबरतात. खरे तर ती आपलीच भाषा आहे, फक्त घाईत लिहिलेली. कारकून आधी कागदावर आडवी रेघ ओढून घेई आणि मग बोरू शक्यतो न उचलता त्या रेघेखाली अक्षरे लोंबती लिहीत जाई. दोन शब्दांत जागा नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेदही बहुधा नाही. त्यामुळे अक्षर ओळखता आले तरी शब्द कुठे तुटतो हे अर्थावरूनच ठरवावे लागते. इथे मात्र बायकांचा फायदा होतो असे माझे मत आहे. सांडगे, परकर, ओटी, पाटल्या असले शब्द वर्गातल्या मुलांना अडले, की आम्ही चटकन सांगत असू.

तारखेचा घोळ निराळा. ‘इसन्ने सबैन मया व अलफ’ असे वाचले की छाती दडपते. हे अरबी अंक आहेत: दोन, सत्तर, शंभर आणि हजार, म्हणजे ११७२. ही सुहूर सनाची वर्षे. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७७१-७२ हे इसवी साल मिळते. हे वर्ष मृग लागला की सुरू होई. शेताचा आणि सरकारचा हिशेब एकाच नक्षत्राला बांधलेला होता, ही गोष्ट मला फार आवडली.

पत्राच्या मायन्यातही पुष्कळ काही असते. ‘सौभाग्यवती’ की ‘गंगा भागीरथी’, एवढ्यावरून पत्र ज्या बाईला लिहिले तिची स्थिती कळते. गोपिकाबाईंनी नातू सवाई माधवराव यांना रोजच्या वागण्याविषयी केलेला उपदेश प्रसिद्ध आहे. लढायांच्या खलित्यांत दिसत नाही ते घर अशा लिखाणात दिसते.

५ जानेवारी २००४ रोजी एका पुस्तकावरून उठलेल्या वादात जमाव पुण्याच्याच भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत घुसला आणि त्याने मोडतोड केली. त्याचा बोभाटा झाला, व्हायलाच हवा होता. पण आपल्या घरांतून रद्दीच्या गाड्यांवर जे जाते, त्याचा बोभाटा कधी होत नाही.

माझ्या माहेरचा वाडा विकायला निघाला, तेव्हा माळ्यावर एक पत्र्याची पेटी निघाली. भावाने दारात वजनकाटाही बोलावला होता. ‘ताई, यात मोडीचा गिचमिडकाला आहे, कोण वाचणार?’ ‘मी वाचणार’, असे म्हणून मी पेटी रिक्षात घालून आणली. भाऊ हसला. पेटीत पेशव्यांचे पत्र निघाले नाही. निघाली ती सावकाराची खते, वाटणीचा एक कागद आणि शके १७६२ मधल्या, म्हणजे १८४० च्या एका लग्नाच्या खर्चाची याद. गूळ, खोबरे, खण, वाजंत्री, आणि विहिणीचे लुगडे. नवरीचे नाव कुठेच नाही, लुगड्याची किंमत मात्र आहे! वर्गातल्या तिघी जणी दोन दुपारी डोके जुळवून बसलो, तेव्हा ती याद पुरी लागली. आता भाऊ आल्यागेल्याला तिची नक्कल दाखवतो.

ज्यांना लिपीचा कंटाळा आहे त्यांनी बाजीराव रस्त्यावरचे राजा केळकर संग्रहालय पाहावे. दिनकर केळकरांनी आपल्या अल्पवयात गेलेल्या मुलाच्या नावाने ते उभे केले आणि १९७५ मध्ये सरकारच्या स्वाधीन केले. तिथे दिवे, अडकित्ते, पाय घासायच्या वज्र्या, कुलपे असे आपल्या आज्यांच्या हातातले सामान काचेआड ठेवलेले आहे.

पुढल्या महिन्यात आपल्यापैकी दहाबारा जणींनी मोडीच्या वर्गाची चौकशी करायला जायचे ठरवले आहे. ज्यांच्या घरी जुना कागद असेल त्यांनी तो बरोबर आणावा. त्याला चिकटपट्टी लावू नये, नवी घडी घालू नये, मोठ्या वहीत सपाट ठेवून आणावा. पेटी आणायची असेल तर आधी सांगावे, रिक्षा मी ठरवीन.